सुताराची टोपी आणि मिशी

माझ्या पक्षिनिरीक्षणाच्या जुन्या वह्यांमध्ये एक नोंद पुन्हा पुन्हा येते : ‘नारळावर दोन सोनपाठी सुतारांची जुंपली. एकाने दुसऱ्याला हाकलले.’ तारीख आहे, वेळ आहे, झाड कोणते तेही आहे. पण भांडणारे दोघे नर होते, दोन माद्या होत्या, की एक नर आणि एक मादी, हे एकाही ठिकाणी लिहिलेले नाही. वास्तविक ते ओळखणे अवघड नव्हते. सोनपाठी सुताराच्या नराचे डोके कपाळापासून शेंडीपर्यंत लाल असते. मादीची शेंडी लाल असते, पण कपाळाकडचा भाग काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. साध्या दुर्बिणीतूनही हा फरक दिसतो. मलाही तो दिसला असणार. लिहावासा वाटला नाही, कारण त्या लाल रंगाचा भांडणाशी काही संबंध असेल, हे तेव्हा डोक्यात आलेच नव्हते.

हा संबंध माणसाच्या ध्यानात कसा आला, तो कोणी आणि कसा तपासला, याचा माग काढायला बसलो, तेव्हा वाट अमेरिकेतल्या एका प्राणिशास्त्रज्ञापाशी गेली. त्याच्या आयुष्यात दोन बनावट खुणा आहेत. एक त्याने पकडली आणि दुसरी त्याने स्वतःच एका पक्ष्याच्या तोंडावर चढवली. ही कथा मुख्यतः त्या दुसऱ्या खुणेची आहे.

युद्धदेवतेचा पक्षी

सुतारपक्षी भांडखोर आहे, ही समजूत शास्त्रापेक्षा फार जुनी. प्राचीन रोममध्ये हा पक्षी मार्स या युद्धदेवतेचा मानला जाई. रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांना लांडगीने दूध पाजले हे सर्वांना ठाऊक असते. त्यांना घास भरवायला सुतारपक्षी येत असे, हा त्याच कथेचा कमी ऐकलेला भाग. लॅटिन लोक या पक्ष्याला इतके का मानतात, असा प्रश्न प्लुटार्कने आपल्या रोमन चालीरीतींवरच्या प्रश्नावलीत घातला आहे. पुढे १७५८ साली लिनियसने युरोपातल्या मोठ्या काळ्या सुताराला नाव दिले ‘पिकस मार्शियस’, म्हणजे मार्सचा सुतार. प्रजातीचे नाव नंतर बदलले, ‘मार्शियस’ आजही टिकून आहे. या काळ्याकुट्ट पक्ष्याच्या अंगावर रंग एकच, डोक्यावरचा लाल. नराची पूर्ण टाळू लाल, मादीचा फक्त मागचा भाग.

अटलांटिकपलीकडेही असेच काहीसे आढळते. मार्क केट्सबी या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८व्या शतकात लिहून ठेवले आहे, की कॅनडाकडचे मूळनिवासी आयव्हरी-बिल या अजस्र सुताराच्या चोची गोलाकार बसवून आपल्या सरदारांसाठी आणि योद्ध्यांसाठी मुकुट करत. अशा एका चोचीसाठी दोन-तीन हरणांची कातडी मोजत. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातल्या युरोक आणि हुपा लोकांत सुताराच्या टाळूची लाल पिसे म्हणजे साठवून ठेवायची दौलत होती. ती शिवलेल्या रुंद पट्ट्या नाचाच्या वेळी कपाळावर बांधत.

लाल रंग, पराक्रम आणि राग ही सांगड माणसाने अशी फार पूर्वी घातली. मराठीतही माणूस रागाने लालबुंद होतो. पण माणसाला लाल दिसले की राग आठवतो, यावरून पक्ष्यालाही तसेच वाटते असे ठरत नाही. त्यासाठी पक्ष्यालाच विचारावे लागते, आणि विचारण्याची रीत सापडायला १९३६ साल उजाडले.

डार्विन आणि वॉलेस यांचा वाद

त्याआधी या रंगांवर मोठा वाद होऊन गेला होता. वॉलेस यांनी १८६८ साली पक्ष्यांच्या घरट्यांविषयी एक उपपत्ती मांडली. उघड्या घरट्यात बसणारी मादी मळकट रंगाची असते, कारण भडक रंग शत्रूच्या नजरेत भरेल. ढोलीत किंवा झाकलेल्या घरट्यात अंडी उबवणाऱ्या मादीला ही भीती नाही, म्हणून तिचे रंग नरासारखेच ठळक राहतात. या दुसऱ्या गटाच्या यादीत धनेश, पोपट, तांबट यांच्याबरोबर सुतारपक्षीही होते. सुतारांच्या बऱ्याच जातींत नर-मादीचा फरक केवळ डोक्यावरच्या थोड्या रंगापुरता असतो, हेही वॉलेस यांनी नमूद केले होते.

डार्विन यांनी १८७१च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात लैंगिक निवडीचा सिद्धान्त सविस्तर मांडला. त्याला दोन अंगे होती. नरांची आपसांत झुंज आणि मादीची निवड. पिसांच्या रंगांचा हिशेब त्यांनी मुख्यतः मादीच्या निवडीकडे, म्हणजे सौंदर्याच्या बाजूला मांडला. झुंजीच्या बाजूला शिंगे, आऱ्या, सुळे ही हत्यारे राहिली.

सुतार या हिशेबात नीट बसत नाहीत. नर आणि मादी दोघे मिळून ढोली कोरतात, अंडी उबवतात, पिल्लांना भरवतात. रंगांत फरक अगदी थोडा. मग तेवढा थोडा फरक तरी कशाला? मादीला भुलवण्यासाठी तो फार किरकोळ आहे. लपण्याशी त्याचा संबंध दिसत नाही. हा थोडासा फरक नेमके काय सांगतो, हा प्रश्न पुढची ६०-६५ वर्षे तर्काच्याच पातळीवर राहिला.

बेडकाची शाई

ग्लॅडविन किंग्जले नोबल यांचा जन्म १८९४चा. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये ते सरीसृप आणि उभयचर विभाग सांभाळत. पक्ष्यांचे अभ्यासक म्हणून त्यांचे नाव नव्हते. ते जगाला माहीत झाले १९२६ साली, एका भेकामुळे.

व्हिएन्नाचे पॉल कामरर यांचा दावा होता, की जमिनीवर प्रजनन करणाऱ्या मिडवाइफ टोड या भेकाला पिढ्यान् पिढ्या पाण्यात प्रजनन करायला लावले, तर नराच्या हातावर पकडीसाठी काळे खरखरीत गादे येतात आणि ते पुढच्या पिढीत उतरतात. कमावलेले गुण वारशाने मिळतात, याचा हा पुरावा म्हणून गाजत होता. नोबल यांनी व्हिएन्नात जाऊन शिल्लक राहिलेला एकमेव नमुना तपासला. हातावरचा काळेपणा गाद्यांचा नव्हता, तिथे शाई टोचलेली होती. ७ ऑगस्ट १९२६च्या ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झाले. सहा-सात आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला कामरर यांनी स्वतःला गोळी घालून घेतली. शाई कोणी टोचली हा वाद आजही मिटलेला नाही. १९७१ साली आर्थर केस्लर यांनी कामरर यांची बाजू घेऊन यावर एक पुस्तकच लिहिले.

अंगावरच्या एका काळ्या डागाने किती गोष्टी उलटसुलट होतात, याचा इतका कडवा अनुभव घेतलेल्या माणसाने दहा वर्षांनी पक्ष्याच्या गालावर काळा डाग चढवला, हे मला विशेष वाटते. फरक एवढाच की या वेळी डाग बनावट आहे हे सांगूनच प्रयोग केला होता.

मिशी चढवलेली मादी

फ्लिकर हा उत्तर अमेरिकेतला सुतार. कबुतरापेक्षा थोडा लहान, तपकिरी, अंगावर काळे पट्टे आणि ठिपके. इतर सुतारांपेक्षा तो जमिनीवर अधिक उतरतो आणि मुंग्या वेचून खातो. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या फ्लिकरच्या पंखांची आणि शेपटीची खालची बाजू सोनेरी पिवळी असते. मानेवरची लाल चंद्रकोर नर-मादी दोघांनाही असते. फरक फक्त गालावर : नराला चोचीच्या मुळापासून मागे जाणारा काळा पट्टा असतो, म्हणजे मिशी. मादीचा गाल कोरा.

दोन फ्लिकर भांडायला उभे राहिले की समोरासमोर येतात, चोची आकाशाकडे रोखतात आणि डोकी लयीत हलवतात. पंख आणि शेपटी अशी फाकवतात की खालचा पिवळा रंग झळकावा. लांबून पाहणाऱ्याला तलवारबाजी वाटावी. बहुतेक वेळा हा सामना नरानराचा किंवा मादीमादीचा असतो आणि ज्याच्यासाठी भांडण चालले आहे तो जोडीदार बाजूला बसून पाहत असतो.

नोबल यांनी एका जोडीतली मादी पकडली. तिच्या गालांवर नरासारखी काळी मिशी चढवली आणि तिला सोडून दिले. ती परतली तेव्हा तिच्याच नराने तिच्यावर हल्ला केला. प्रतिस्पर्धी नराला हाकलावे तसे तो तिला हाकलत राहिला. मग तिला पुन्हा पकडून मिशी काढून टाकली, आणि नराने तिला पूर्ववत जवळ येऊ दिले. १९३६ साली ‘द ऑक’ या अमेरिकन पक्षिशास्त्रीय नियतकालिकात हा निबंध आला.

विचार केला तर हा निकाल चकित करणारा आहे. मादी तीच, तिचा आवाज तोच, उडण्याची ढब तीच, ढोली दोघांची. या सगळ्यावर बोटभरही नसलेल्या एका काळ्या पट्ट्याने मात केली. आपल्याकडे मिशीवर ताव मारणे म्हणजे आव्हान देणे. फ्लिकरच्या नराने ते आव्हान वाचले, पण ते कोणाच्या तोंडावर आहे ते पाहिले नाही.

रंग राग सांगतो की ओळख?

इथे थोडे थांबायला हवे, कारण या प्रयोगाचा अर्थ लावताना घाई होते. मिशी ‘मी चिडलो आहे’ असे सांगत नव्हती. ती ‘मी नर आहे’ एवढेच सांगत होती. राग होता तो पाहणाऱ्याच्या मनात, आणि तो जागा झाला कारण आपल्या ढोलीशी दुसरा नर म्हणजे प्रतिस्पर्धी. नोबल यांनीही मिशीचे काम नर-मादी ओळखण्याचे आहे असाच निष्कर्ष काढला होता.

निसर्गाने याचा एक ताळाही ठेवला आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या फ्लिकरची मिशी काळी नसून लाल असते. पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे पक्षी मधल्या विस्तीर्ण मैदानी पट्ट्यात एकमेकांशी जोड्या जमवतात. दोन्हीकडे मिशी नरालाच असते. म्हणजे पूर्वेला काळ्या रंगाने जे काम होते, तेच पश्चिमेला लाल रंगाने. रंग कोणता यापेक्षा गालावर पट्टा आहे की नाही, याला तिथे अधिक महत्त्व असावे असे यावरून वाटते.

युरोपातला ग्रेट स्पॉटेड सुतार घ्या. प्रौढ नराच्या मानेवर लाल ठिपका, मादीला तोही नाही. पण घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांची, मग ती नर असोत वा मादी, पूर्ण टाळू लाल असते. लाल म्हणजे राग असे सरळ समीकरण असते, तर या जातीत सर्वांत भांडखोर पिल्लेच ठरली असती.

नोबल यांच्या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. पुस्तकांतून फिरणारी ही गोष्ट एका जोडीची आहे. मिशीऐवजी मादीच्या छातीवर पांढरा ठिपका दिला असता, तर नर बिथरला नसता कशावरून? हल्ला मिशीवर होता की केवळ अनोळखी दिसण्यावर, हे ठरवायला असा दुसरा डाग हवाच. मिशी काढताच सगळे पूर्ववत झाले, यावरून उत्तर मिशीच्या बाजूने झुकते, पण प्रश्न रास्त आहे. कामरर प्रकरणात एका नमुन्यावर केवढा डोलारा उभा राहिला होता, हे आठवले की तो आणखी रास्त वाटतो.

लाल पिसांचा झुबका

पुढची काही वर्षे याच रीतीची होती. इंग्लंडमध्ये डार्टिंग्टन हॉल या शाळेत शिकवणाऱ्या डेव्हिड लॅक यांनी शाळेच्या परिसरातल्या रॉबिन पक्ष्यांच्या हद्दीत पेंढा भरलेले रॉबिन ठेवले. हद्दीचा मालक लाल छातीच्या बाहुल्यावर धावून जाई. तपकिरी छातीच्या पूर्ण पिल्लाकडे तो सहसा दुर्लक्ष करी, आणि तारेला बांधलेल्या नुसत्या लाल पिसांच्या झुबक्याला मात्र धमकावी. त्यांचे ‘द लाइफ ऑफ द रॉबिन’ हे पुस्तक १९४३ साली निघाले. नेदरलँड्समध्ये निको टिनबर्गन यांनी स्टिकलबॅक माशाच्या लाल पोटावर असेच प्रयोग केले. टपालाची लाल गाडी खिडकीबाहेरून गेली तरी टाकीतले नर तिच्या रोखाने झेपावतात, ही त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. १९७३ साली लोरेन्झ आणि फॉन फ्रिश यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रयोगांनी ‘लाल दिसले की हल्ला’ हे सूत्र घराघरात पोहोचवले. ते अतिसोपे होते. स्टिकलबॅकचे प्रयोग नंतर अनेकांनी पुन्हा केले, तेव्हा निकाल संमिश्र आले. कधी लाल रंगाने हल्ला वाढला, कधी उलट समोरचा मासा दबकला. एकच खूण कोणाला चिथावते आणि कोणाला धाक दाखवते. पाहणारा कोण, त्याची हद्द कुठवर, त्याचे बळ किती, यावर ते ठरते.

हेच १९७०च्या दशकात सिव्हर्ट रोवर यांनी एका चिमणीवर्गीय पक्ष्यात दाखवले. हॅरिस स्पॅरोच्या हिवाळी थव्यात ज्यांचा गळा अधिक काळा, ते वरचढ असतात. रोवर यांनी फिक्या पक्ष्यांना काळे रंगवले. त्यांचा मान वाढला नाही, उलट खऱ्या काळ्या पक्ष्यांनी त्यांना झोडपले. काहींना रंग न लावता नर-संप्रेरक टोचले. ते दांडगाईने वागले, पण कोणी त्यांना जुमानले नाही. रंग आणि संप्रेरक दोन्ही दिले तेव्हाच त्यांची पत वाढली. खूण आणि वागणूक जुळली तरच खूण चालते, असा त्याचा अर्थ.

खोटी टोपी घातलेल्या जाती

सुतारांच्या बाबतीत या कथेला गेल्या दशकात नवे वळण मिळाले. उत्तर अमेरिकेत डाउनी आणि हेअरी नावाचे दोन सुतार आहेत. काळे-पांढरे अंग, नराच्या मानेवर लाल ठिपका. दोघे इतके सारखे की नवख्या निरीक्षकाची हमखास फसगत होते. पण डाउनीचे वजन साधारण २० ते ३३ ग्रॅम, हेअरीचे ४० ते ९५ ग्रॅम. दोघे सख्खे भाऊ असतील असे वाटते. डीएनएच्या अभ्यासाने ते खोटे ठरवले. त्यांच्या वंशशाखा वेगळ्या आहेत.

मग हे साम्य आले कुठून? अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ रिचर्ड प्रम यांनी २०१४ साली मांडले, की लहान जात मोठ्या, दांडग्या जातीचा वेष घेते. काही अंतरावरून पाहणाऱ्याला ती मोठीच वाटते आणि तो वाट सोडतो. मांजराने वाघाचे पट्टे अंगावर घ्यावेत तसे. २०१८ साली हे तपासले गेले ते घरोघरी दाणा-पाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांच्या भांडणांच्या नोंदींवरून. त्या नोंदी करणारे बहुतेक सामान्य हौशी लोक होते. डाउनी आपल्या वजनाच्या मानाने अधिक वरचढ ठरतो, असे दिसले. पण हेअरी त्याला आपला समजून सोडून देतो, याला आधार मिळाला नाही. उपपत्ती पूर्ण सिद्ध झाली नाही आणि पूर्ण पडलीही नाही.

प्रम यांच्या यादीत आपल्या ओळखीचे पक्षीही आहेत. सह्याद्रीच्या दाट रानात दोन सोनेरी पाठीचे सुतार राहतात. एक डायनोपियम प्रजातीचा, दुसरा त्याहून मोठा, क्रायसोकोलाप्टिस प्रजातीचा. पाठ सोनेरी, नराची शेंडी लाल, गालावर काळ्या रेघा. ओळखण्यासाठी रेघ एकेरी की दुहेरी, पायाची बोटे तीन की चार, असे बारकावे पाहावे लागतात. या दोन प्रजाती एकमेकींच्या निकटच्या नात्यातल्या नाहीत. श्रीलंकेत गेलो तर तिथे दोन्ही प्रजातींच्या स्थानिक जातींची पाठ सोनेरी नसून किरमिजी लाल आहे. एकाने रंग बदलला तिथे दुसऱ्यानेही बदलला. हा योगायोग मानणे कठीण आहे. पण लहान सुताराला याचा भांडणात फायदा होतो का, हे समजायला डाउनी-हेअरीसारख्या भरपूर नोंदी लागतील.

वहीतला रकाना

महाराष्ट्राच्या विरळ झाडीत, बाभूळबनात दिसणाऱ्या एका लहान सुताराच्या शास्त्रीय नावात आपले नाव आहे : महरट्टेन्सिस. इंग्लंडचे वैद्य आणि पक्षिशास्त्रज्ञ जॉन लॅथम यांनी १८०१ साली ते दिले. मराठा सुताराच्या नराच्या पिवळसर टाळूच्या मागच्या बाजूला लाल रंग असतो, मादीला तो नसतो. सोनपाठीत लाल रंग कपाळावर आहे की नाही यावरून फरक, मराठा सुतारात लाल मुळी आहे की नाही यावरून. आपल्या गावशिवारात राहणाऱ्या या दोन पक्ष्यांचे भांडण पाहताना कोणालाही रंग लावण्याची, कोणाला पकडण्याची गरज नाही. वन्यजीव कायद्यामुळे ते करताही येणार नाही. फक्त तीन गोष्टी लिहायच्या : भांडणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या डोक्याचा रंग, कोणी कोणाला हाकलले, आणि तिसरा पक्षी जवळ बसला होता का.

लॅक हे प्रयोग करत होते तेव्हा शाळामास्तर होते. सुतारांच्या घरगुती आयुष्याविषयी अमेरिकेत सर्वाधिक लिहिणाऱ्यांपैकी एक, लॉरेन्स किलहॅम, हे पेशाने वैद्यक आणि विषाणूशास्त्रज्ञ. उंदरातल्या एका विषाणूला त्यांचे नाव आहे. सुतार त्यांनी फावल्या वेळात पाहिले. नोबल भेक-बेडकांचे अभ्यासक होते. तेव्हा हे काम आपल्या अधिकाराबाहेरचे आहे, असे म्हणायला मला सबब उरत नाही.

वर्षानुवर्षांच्या माझ्या त्या नोंदी या कामाला निरुपयोगी आहेत. त्यात भांडण आहे, पण कोणाचे ते नाही. या वर्षीच्या वहीत मी उभी रेघ मारून ‘डोके’ असा एक नवा रकाना पाडला आहे. आतापर्यंत त्यात चारच भांडणे उतरली. तीन नरानरांची, एक मादीमादीचे. चारावरून काहीच म्हणता येत नाही. वाचकांपैकी ज्यांच्या अंगणात नारळ, आंबा किंवा शेवगा आहे आणि त्यावर सुतार येतो, त्यांनीही असा रकाना पाडला, तर काही वर्षांनी कदाचित म्हणता येईल.